मेलेला उंदीर आणि जिवंत पिसू

वर्षावास संपतो, खरिपाची काढणी होते आणि वस्तीत उंदीर वाढल्याच्या तक्रारी सुरू होतात. विहारात भगिनी आम्हाला विचारतात, "ताई, एकदम एवढे आले कुठून?" ते एका दिवसात आलेले नसतात. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच ते आठ पिल्ले देते, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. बाजरी, मका, सोयाबीन निघाले की शेत उघडे पडते. मग शहराच्या कडेच्या वस्तीतले धान्याचे डबे हेच त्यांचे शेत. गोदाकाठी मात्र पुराचे पाणी बिळात शिरते, त्यामुळे तिथे घुशी पावसाळ्यातच घर गाठतात.

उंदराच्या अंगावर पिसवा असतात. पिसूची अंडी आणि अळ्या बिळातल्या व जमिनीच्या भेगांतल्या धुळीत वाढतात. त्यांना गारवा आणि थोडी ओल मानवते. कडक, कोरडे ऊन सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात उंदीर आणि पिसवा दोन्ही घराजवळ जमतात.

हे आपल्याच राज्यात तपासले गेले आहे. 1905 पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेगचा अभ्यास झाला. संशोधकांनी घराघरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजल्या. आधी गटारातले मोठे उंदीर मरत, मग घरातले, आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी माणसे आजारी पडत. साथ थंडीत वाढे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे. सावित्रीमाई गेल्या तो दिवस 10 मार्च 1897, त्याच हंगामातला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या. मुलगा वाचला, माईंना लागण झाली. पिसूचा हात असल्याचे पुढच्या वर्षी, 1898 साली, सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले.

ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला. त्याआधी गावात उंदीर मरून पडत होते आणि लोक पिसवांनी हैराण झाले होते. खूण समोर होती.

आता आम्हाला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. गेल्या हिवाळ्यात एका घरी लेकरांच्या घोट्याभोवती लाल पुरळ होते. आई म्हणाली, मच्छर. विचारल्यावर कळले, चार दिवसांपूर्वी औषध घालून उंदीर मारले होते. उंदीर गार झाला की पिसू त्याला सोडते आणि दुसरे गरम अंग शोधते. जमिनीवर झोपलेले लेकरू तिला जवळ पडते. म्हणून प्लेग नियंत्रणाचा जुना नियम आहे: आधी पिसवा मारा, मग उंदीर. बिळाच्या तोंडाशी आणि भिंतीच्या कडेला पिसवांची पावडर मारायला आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगा. ते होईपर्यंत विषारी गोळ्या नकोत. तशाही त्या लेकरांच्या हाती लागतात.

मेलेला उंदीर शेपटीला धरून नाल्यात फेकू नका. लांब काठीने किंवा हातावर पिशवी चढवून उचला, पिशवीचे तोंड बांधा, हात साबणाने धुवा. एक-दोन उंदीर औषधाने मेले तर घाबरू नका. कारण नसताना गल्लीत उंदीर पटापट पडू लागले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा. एकट्याने नको, चार-पाच जणींनी मिळून जा, लेखी द्या आणि पोच घ्या. रात्रीचे खरकटे बाहेर ठेवू नका, सकाळच्या घंटागाडीपर्यंत झाकून ठेवा. धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा. जमेल त्यांनी लेकरांना खाटेवर झोपवा.

अचानक जोराचा ताप, थंडी आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर लेप लावत बसू नका. प्रतिजैविक औषधांनी हा आजार बरा होतो, पण उपचार लगेच सुरू व्हावे लागतात. पावसाळ्यात उंदराच्या लघवीच्या पाण्यातून होणारा लेप्टो वेगळा, त्यालाही हेच लागू. घरात उंदीर मेले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असे नाही.