गुरुवारी मोकळं होणारं नाक

देहूतून तळवडे-चाकणकडे निघालं की कुठल्या ना कुठल्या पत्र्याच्या शेडमधून करवतीचा आवाज येतोच. गाड्यांचे सुटे भाग ज्या पॅलेटवर चढून बंदराकडे जातात, ती पॅलेट इथलीच. माझ्या शेडमध्ये एका बाजूला पाइनची पॅलेट, दुसऱ्या बाजूला फर्निचर. तिथे उमगलेलं थोडंसं.

१. पायाखालच्या भुशाला भ्यायचं कारण नाही. रंध्याचा कीस, करवतीचा जाड भुसा जागच्या जागी पडतो. घात करते ती सँडरची पूड. तिच्यातली सर्वांत बारीक तर दिसतही नाही, आणि मशीन थांबल्यावरही बराच वेळ तरंगत राहते. ती बघायचीच असेल तर संध्याकाळी सँडर बंद होताच दिवे मालवा आणि समोरून कुणाला तरी आपल्याकडे टॉर्च धरायला सांगा. त्या झोतात जे दिसलं ते पाहून आमच्या मिस्त्रींनी चहाचा पेला उचलून बाहेर नेला. तेव्हापासून त्यांचा चहा रस्त्यावरच.

२. कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकू नका. काम सुटलं की शेडोशेडी हाच सोहळा! खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर आणायची आणि वर त्याला सफाई म्हणायचं. व्हॅक्यूम वापरा, नाहीतर ओलं फडकं.

३. गुरुवारकडे लक्ष ठेवा. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. बुधवारपर्यंत शिंका, खोकला, छातीत घरघर. गुरुवारी संध्याकाळी मोकळं. शुक्रवार-शनिवारी पुन्हा तेच. असं होत असेल तर हवामानाला बोल लावू नका. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीबरोबर निघालेला कारागीर पावसात भिजत, चिखल तुडवत पंढरपूर गाठतो आणि त्याचा खोकला वाटेतच थांबतो. परत मशीनवर उभा राहिला की सुरू. हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं, ‘लाकडाचं काम करतो’ या शब्दांत. धुळीचा दमा लवकर ओळखला तर आवरता येतो. उशीर झाला की काम सुटलं तरी दमा सुटेलच असं नाही.

४. नाकाचा कर्करोग मात्र सुट्टीच्या दिवशी ओळख देत नाही. इंग्लंडातलं हाय विकम हे खुर्च्या-टेबलांचं गाव. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात १९६०च्या दशकात आलं की नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांतूनच फार येतात. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध. कठीण लाकडाचा धोका जास्त, आणि रोग बहुधा काही दशकांनी उगवतो. एकच नाकपुडी सतत बंद, शेंबडात रक्त, वास न येणं: यातलं काही असेल तर वाफ घेत बसू नका, नाक तपासून घ्या.

५. मास्क सगळ्यात शेवटी. आधी धूळ ओढणारा पाइप, तोही मशीनच्या तोंडाशी. धूळ जिथे उठते तिथेच ओढून घ्या, हे १९४८च्या कारखाना कायद्यातल्या कलम १४मध्येच होतं. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम आहे, चिमटीतही येणार नाही एवढी. धूळ गोळा करणारी पिशवी शेडबाहेर ठेवा, तिच्या कापडातून बारीक पूड परत आत येते. गमछा बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण दाढीवर तो नीट बसत नाही.

६. साग, शिसव घासताना मान आणि कोपराच्या आत खाज सुटली तर मलमाआधी पाणी. एमडीएफच्या धुळीबरोबर फॉर्मल्डिहाइडचा डिंकही येतो.

७. पत्र्याखालच्या कैच्यांवर साठलेली धूळ महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. एखाद्या दिवशी धक्क्याने ती एकदम खाली आली आणि शेजारी वेल्डिंग चालू असलं, तर नुसती आग लागत नाही, स्फोट होतो. आणि पॉलिश घासलेल्या सँडरची पिशवी रात्री भरलेली ठेवू नका. ती आपोआप तापून पेटू शकते.