पेट स्कॅन : अचूक जागा आणि पुरेशी नोंद

गाठ किती लहान असताना पेट तपासणीत दिसते, असे रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वरचेवर विचारतात. अधिक सूक्ष्म चित्र देणाऱ्या यंत्राविषयी देणगीदार बंधुभगिनीही उत्सुक असतात. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यंत्रातील किरण टिपणाऱ्या भागावर, म्हणजे डिटेक्टरवर, बरेचसे अवलंबून असते. म्हणून त्यासंबंधीच्या एका चाचणीचा परिचय येथे करून देत आहोत.

या तपासणीत फ्ल्युओरीन-१८ हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले, साखरेसारखे औषध रुग्णाला टोचतात. कर्करोगाच्या बहुतेक गाठी साखर अधिक ओढून घेतात, त्यामुळे औषध तेथे साठते. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोन्ही नष्ट होऊन दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना जातात. रुग्णाभोवतीचे डिटेक्टरांचे कडे ही जोडी टिपते. त्या दोन जागांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी औषध आहे, असे धरून लक्षावधी रेषांवरून चित्र रचले जाते. आपल्या देशात २००२ साली मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही सोय प्रथम झाली.

रुग्णालयांतील यंत्रांत किरण टिपण्यासाठी काही मिलिमीटर रुंदीचे स्फटिक असतात, त्यामुळे त्याहून लहान ठिपके चित्रात एकमेकांत मिसळतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकाऐवजी सिलिकॉनची पातळ चकती वापरून पाहिली. १ मिलिमीटर जाडीच्या प्रत्येक चकतीवर १.४ मिलिमीटरच्या ५१२ चौकटी होत्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १.१ मिलिमीटर व्यासाच्या बारीक स्रोताची प्रतिमा सुमारे १.४५ मिलिमीटर रुंद उमटली. ही अचूकता निःसंशय कौतुकास्पद होती.

परंतु सिलिकॉन हलके असल्याने १ मिलिमीटर जाडीतून जाणाऱ्या शंभर किरणांपैकी सुमारे दोनच त्याला जाणवतात. म्हणून चकत्या कडेवर उभ्या ठेवून किरणांचा सिलिकॉनमधील मार्ग वाढविण्यात आला. तरीही एक लाखात जेमतेम एकच जोडी नोंदली गेली. शिवाय दोन किरण एकाच जोडीचे आहेत हे ठरविण्यातील वेळेची अनिश्चितता ८२ नॅनोसेकंद होती. आजच्या रुग्णालयीन यंत्रांत ती एका नॅनोसेकंदाहूनही कमी असते. ती जितकी जास्त, तितक्या परक्या किरणांच्या खोट्या जोड्या चित्रात शिरतात.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, प्रत्येक नोंद पैशापर्यंत बिनचूक असली, तरी लाखात एकच पावती चढविलेल्या वहीवरून ताळेबंद मांडता येत नाही. नोंदी वाढविण्यासाठी औषधाची मात्रा किंवा तपासणीचा वेळ वाढवावा लागेल, आणि तो भार रुग्णावर पडेल. शिवाय ही चाचणी अवघ्या ४ सेंटिमीटरच्या क्षेत्रात झाली होती. दोन किरण अगदी सरळ रेषेत जात नाहीत. त्यामुळे ८० सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात केवळ या कारणाने सुमारे १.८ मिलिमीटरचा अस्पष्टपणा येतो.

आजच्या अनेक नव्या यंत्रांच्या माहितीपत्रकांत ‘सिलिकॉन’ हा शब्द आढळतो, मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. तेथे किरण स्फटिकच टिपतो. त्यातील प्रकाशाची चमक मात्र पूर्वीच्या काचेच्या नळीऐवजी सिलिकॉनची चीप वाचते. तिचा मोठा लाभ वेळेच्या अचूकतेत होतो.

यावरून विश्वस्त व देणगीदारांनी यंत्र निवडताना तीन प्रश्न एकत्र विचारावेत, अशी आमची नम्र सूचना आहे : जागा किती अचूक, किरण किती टिपले जातात, आणि वेळ किती नेमकी? एकाच आकड्यावर भाळून खर्च होऊ नये.

नातेवाइकांनीही ध्यानात ठेवावे की, पेट चित्र स्वच्छ आले म्हणजे मिलिमीटरभर आकाराची गाठ नाहीच, असे सिद्ध होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली पुढील तपासणी टाळू नये, ही कळकळीची विनंती.