हेरल्डचं बॉनेट

अण्णांची स्टँडर्ड हेरल्ड १९६६ सालची. अण्णा गेल्यावर ती कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या पडवीत नऊ पावसाळे उभी राहिली. मी ती बाहेर काढली तेव्हा पुढच्या चाकांवरचा पत्रा बोट लावलं की पापडासारखा मोडत होता.

ज्यांनी हेरल्ड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीला मडगार्ड वेगळं आणि बॉनेट वेगळं असं नसतं. दोन्ही मडगार्डं, हेडलाइटच्या खोबणी आणि मधलं झाकण मिळून पुढचा सगळा भाग एकसंध असतो आणि पुढच्या टोकाला असलेल्या बिजागऱ्यांवर तो अख्खा उचलला जातो. इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी हिचा आराखडा केला. इंग्लंडात ती १९५९ मध्ये आली आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून ती आपल्याकडे बांधली. हिची चासी स्वतंत्र आहे, त्यामुळे वरचं अंग भागाभागाने सुटतं. असं बॉनेट फायबरचं करायचं आणि जमलंच तर रुंद टायरसाठी चाकांच्या कमानीही बाहेर काढायच्या, असं मी ठरवलं. कल्पना चुकीची नव्हती. पण ज्या क्रमाने मी कामाला लागलो, तो चुकीचा होता. त्यात दीड वर्ष गेलं, एक अख्खा साचा वाया गेला आणि एकदा आग लागता लागता राहिली. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

फायबरचं काम मला आधी लांबी आणि पत्राकामासारखंच वाटलं होतं. पत्रा चुकला तर ठोकून सरळ करता येतो. फायबरचं तसं नसतं. साच्यात जे असेल तेच तुकड्यावर उतरतं, साच्यावरच्या पॉलिशपेपरच्या चऱ्यासुद्धा. म्हणून खरी गाडी साच्यातच घडते. मी मात्र साचा ही मधली अडचण समजलो आणि ती लवकर उरकायला बघितली.

आधी जुन्या बॉनेटची भोकं बुजवून त्यालाच नमुना केलं. कमानी वाढवायला थर्माकोल चिकटवला, कापून गोल केला आणि त्यावर सरळ पॉलिएस्टर रेझिन लावलं. पाच मिनिटांत थर्माकोल खाली बसला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन आणि रेझिनमध्ये असतं स्टायरीन, त्यामुळे तो त्यात साखरेसारखा विरघळतो. पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर भरावासाठी पीयू फोम घ्या. तो टिकतो.

मग पीयू फोम आणि लांबी घालून कमानी पुन्हा उभ्या केल्या, मेणाचे हात दिले, जेलकोट म्हणजे रेझिनचा वरचा गुळगुळीत थर मारला, त्यावर काचतंतूंच्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर दिले. डिसेंबर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ठोकून पाहिलं, कडक लागलं, म्हणून साचा नमुन्यावरून उचलला. त्या साच्यातून काढलेलं बॉनेट गाडीवर ठेवलं तेव्हा डाव्या दारापाशी वरची फट ४ मिलिमीटर होती आणि खालची १६. दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. बाहेर खेचून बोल्ट कसले, तर मधोमध फुगवटा आला.

हे का झालं ते मला मालवणात कळलं. तिथे फायबरच्या मासेमारी होड्या बांधणारे एक काका आहेत. मी साच्याचा कापलेला तुकडा नेला होता. त्यांनी तो वाकवून पाहिला, कडेची जाडी नखाने मोजली आणि विचारलं, "कितक्या दिवसांनी काढलंस?" मी म्हटलं, एका दिवसाने. त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला आणि मला होडीच्या साच्याजवळ नेलं. त्याच्या पाठीवर लाकडाच्या फासळ्या मॅटने बांधून टाकल्या होत्या आणि साच्याची जाडी होडीच्या जाडीच्या दुपटीहून जास्त होती.

पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं आणि वरून कडक झालं तरी आतून पुढे कित्येक दिवस पिकत राहतं. थंडीत तर आणखी हळू. या काळात त्याला नमुन्याचा आधार नसेल तर ते आपल्या मनाप्रमाणे वळतं. काकांचं ऐकून दुसरा साचा मी ८ मिलिमीटरचा केला, पण एका दमात नाही. एका वेळी दोनच थर, ते तापून पुन्हा गार झाले की पुढचे. सगळे थर एकदम दिले की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि साचा तिथेच पिळतो. पाठीवर चौकोनी पाइपचा सांगाडा मॅटने बांधला आणि पंधरा दिवस हातही लावला नाही.

आणखी एक चूक बॉनेटच्या आत वळलेल्या कडांपाशी झाली होती. अशी कड असली की तुकडा साच्यातून निघत नाही. मी पाचर ठोकून काढायला गेलो आणि कडेचा जेलकोट साच्यातच राहिला. अशा ठिकाणी साचा दोन-तीन भागांत करायचा, भागांच्या कडा बोल्टने जोडायच्या आणि तुकडा काढताना भाग सुटे करायचे. कोपरे शक्य तिथे करंगळीइतके गोल ठेवा. धारदार कोपऱ्यात मॅट बसत नाही, मागे हवा राहते आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिथला जेलकोट अंड्याच्या कवचासारखा फुटतो.

आता जिवाच्या गोष्टी. रेझिनमध्ये दोन द्रव पडतात: कोबाल्ट आणि हार्डनर, ज्याला एमईकेपी म्हणतात. मी घेतलं त्या दुकानात दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत घालून दिल्या होत्या आणि एक शब्द सांगितला नव्हता. तशीच पिशवी घेऊन मी मालवणला गेलो, तेव्हा शांत स्वभावाचे काका एकदम ओरडले, "तुका जिवाची काळजी आसा काय नाय?" हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि त्यानंतरच हार्डनर. त्याहून बरं म्हणजे कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागायचं, ते मिळतं. दोन्ही बाटल्या वेगळ्या फळ्यांवर ठेवा. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून लगेच दवाखाना गाठा.

हार्डनर घातलेलं उरलेलं रेझिन मगात तसंच सोडू नका. मी सोडलं होतं, तेही चिंध्यांच्या ढिगावर. अर्ध्या तासात मगातून धूर निघू लागला, प्लॅस्टिक वाकलं आणि खालच्या चिंध्या काळ्या पडल्या. बायकोने बादलीभर पाणी ओतलं म्हणून पडवी वाचली. उरलेलं रेझिन पत्र्यावर पातळ पसरा, म्हणजे ते तापत नाही.

साध्या कापडी मास्कने स्टायरीनची वाफ अडत नाही. त्याला रासायनिक वाफेची डबी असलेला मास्क लागतो. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी वेगळा फिल्टर आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. काम झालं की आधी गार पाण्याने अंग धुवा.

हार्डनरचं प्रमाण रेझिनच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला साधारण १० ते २० मिलिलिटर. मे महिन्यात रेझिन भराभर घट्ट होतं, म्हणून मी एका तुकड्यासाठी हे प्रमाण ५ मिलिलिटरवर आणलं. त्याने वेळ मिळाला, पण तो तुकडा कधीच पुरता पिकला नाही. महिन्याभरानेही त्याला वास येत होता, आणि गडद लाल रंग देऊन उन्हात ठेवला तेव्हा मॅटचे धागे रंगावर उठून आले. उन्हाळ्यात पहाटे पाचला काम करा, अर्धा-अर्धा किलोच कालवा, पण हार्डनर कमी करू नका.

बॉनेटसाठी जेलकोट, पातळ टिश्यू आणि ४५० च्या मॅटचे तीन थर पुरतात. त्याची जाडी होते साधारण ३ मिलिमीटर. बिजागऱ्यांपाशी मात्र सहा-सात थर द्या आणि थरांमध्ये भोकं पाडलेली पोलादी पट्टी पुरा, कारण हेरल्डचं सगळं बॉनेट त्या दोन जागांवर तोललेलं असतं. नुसत्या फायबरमधून काढलेल्या बोल्टभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात. माझ्या पडल्या.

दिव्यांचंही लक्षात ठेवा. पत्र्यातून अर्थिंग आपोआप मिळतं, फायबरमधून मिळत नाही. माझे साइडलॅम्प लागेनात आणि मी दोन संध्याकाळी बल्ब बदलत बसलो. प्रत्येक दिव्यापासून काळी वायर थेट चासीला न्यावी लागते.

कमानींचं सांगायचं राहिलं. कामात अर्ध्यावर असताना मी कायदा वाचला, तो आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. शिवाय २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, पण गाडी मूळ रूपात असावी ही अट आहे. काही कापण्याआधी आरटीओला लेखी विचारा. मूळ पत्रा कितीही सडला तरी भंगारात देऊ नका.

म्हणून दुसऱ्या साच्यात मी बॉनेटची रेषा अण्णांच्या गाडीचीच ठेवली. कमानी वेगळ्या केल्या, बोल्टने बसणाऱ्या, आणि त्या पडवीत खुंटीला आहेत. जुनं बॉनेट गंजरोधक तेल लावून त्यांच्या शेजारीच ठेवलं आहे. नवं बॉनेट रंगाआधी तीन आठवडे गाडीवर बसवून उन्हात ठेवलं, म्हणजे जे काही आकसायचं ते आधीच आकसेल. रंग या खेपेला फिका क्रीम दिला, तो गडद रंगाइतका तापत नाही. दाराशेजारच्या फटीत मी ४ मिलिमीटरची प्लायची पट्टी वरून खाली सरकवतो. ती उजवीकडे सरळ जाते. डावीकडे खालच्या कोपऱ्यात जरा अडते, तिथे अजून पेपर मारायचा आहे.