शत्रूबरोबर मित्रही मरतो

स्वारगेटच्या एसटी स्थानकाजवळ उसाचा रस तुम्ही प्यायला असाल. महाराष्ट्रातील याच पिकावर २००२ साली लोकरी मावा पडला. पानांखाली बसून रस शोषणारी ही पांढरी कीड. डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे मित्रकीटक तिला खातात.

मॅलॅथिऑनसारखे कीटकनाशक मज्जासंस्थेवर आघात करते. आणि मज्जासंस्था तर दोघांनाही असते! फवारणीत दोघेही मरतात. पण माव्याची मादी नराशिवायही पिले देते, म्हणून उरलासुरला मावा झपाट्याने वाढतो. भक्षकाची वाढ मात्र भक्ष्य वाढल्यावरच होते. तो मागे पडतो. म्हणूनच तज्ज्ञांनी शेतांत मित्रकीटक सोडले व तेथे फवारणी टाळायला सांगितले.

पानावर अळी दिसली, तर ती काय खाते, हे आधी पाहा!