आधी एक गल्ली आपलीशी कर

अगं, बंगळुरूत येऊन दोन-तीन महिने झाले तरी करमत नाही, म्हणून तू स्वतःवरच चिडली आहेस, हो ना? नोकरी चांगली आहे, सोबतच्या मुली चांगल्या आहेत, हवा तर अशी की सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला स्वर्ग वाटावा. तरी रविवारी दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की तुझ्या घशाशी आवंढा येतो. खरं सांगू का? त्यात तुझं काहीच चुकत नाही. आपली माणसं, आपली भाषा, आपला दूधवाला, सगळं एकदम सुटलं की मन रुसतं. जिथे होतीस तिथे जीव लावून राहिलीस, म्हणून तर तुटताना दुखतंय. इथेही जीव लागेल.

फक्त माझं एक ऐक. शहर आवडायची वाट बघत बसू नकोस. एवढं अवाढव्य शहर एकदम कुणालाच आवडत नाही. आधी एक गल्ली आपलीशी कर. एक भाजीवाली, एक फुलवाली, एक कॉफीचं ठिकाण, शेजारचं एक घर. रोज त्याच वेळी, त्याच माणसांकडे जा. बाकीचं शहर हळूहळू त्यांच्यामागून येतं.

पण डोक्यातल्या काळज्या मिटल्याशिवाय मन रमत नाही, म्हणून आधी घराचं बोलू. तू स्वतंत्र घर बघते आहेस ना? मग स्वयंपाकघर केवढं, गॅलरी कुठल्या दिशेला, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न विचारायचा तो पाण्याचा. कावेरीचं येतं, बोअरचं की टँकरचं? हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, जवळपास मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणावं लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या, तेव्हा शहराच्या कडेच्या भागांतल्या मोठमोठ्या सोसायट्यांनासुद्धा टँकरच्या मागे धावायची वेळ आली. म्हणून टँकरचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, तेही आधीच विचार. लाजू नकोस. इथे सगळेच विचारतात.

दुसरं डिपॉझिटचं. पूर्वी इथे दहा-दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवून घ्यायची पद्धत होती. आता बरेच घरमालक त्याहून कमी घेतात, पण आपल्याकडच्या मानाने आकडा मोठाच असतो. ऐकून दचकू नकोस आणि पहिल्या आकड्याला मानही डोलवू नकोस, घासाघीस होते. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेतात, ते करारात लिहिलंय का बघ. आणि किल्ली हातात आल्याबरोबर, सामान लावायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, कपाटाच्या दाराचा फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेव. दहा मिनिटांचं काम आहे, पुढचा मनस्ताप वाचतो.

घर झालं की जाण्यायेण्याचं. इथल्या ट्रॅफिकला कितीही नावं ठेवलीस तरी तो हलणार नाही, त्यामुळे मेट्रोच्या चालत्या अंतरावर घर मिळालं तर दोन हजार जास्त गेले तरी चालतील असं मी म्हणेन. तुझं ऑफिस व्हाइटफील्डला. तिथून पर्पल लाइन थेट मॅजेस्टिकला येते, तिथे उतरून ग्रीन लाइन पकडली की मल्लेश्वरम, लालबाग, बसवनगुडी सगळं आवाक्यात. बसचंही बघून ठेव. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत जून 2023 पासून राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. तेव्हा घराचा करार झाला की आधारवरचा पत्ता बदलून घे. गॅससाठी, बँकेसाठी तो लागणारच आहे.

आता भाषा. ऑफिसात इंग्रजी, सोसायटीत हिंदी, म्हणून 'कन्नडवाचून माझं काही अडत नाही' असं तू म्हणतेस. अडत नसेल गं, पण दारंही उघडत नाहीत. तुला काही व्याकरण पाठ करायला सांगत नाही. 'एष्टु' म्हणजे किती, 'बेकु' हवं, 'बेड' नको, 'साकु' पुरे, एवढ्या चार शब्दांवर अख्खा बाजार होतो. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला 'भैया' म्हणू नकोस, 'अण्णा' म्हण. बाईमाणसाला 'अक्का' म्हण. आपल्या सांगलीकडच्या जिभेला हे दोन्ही शब्द घरचेच आहेत. आणि कुणी भराभर बोलायला लागलं तर हसून 'कन्नड कलितिद्दीनि' म्हण, शिकतेय म्हणून. समोरचा माणूस लगेच सावकाश बोलायला लागतो, बघच तू.

हे सगळं शिकायला जागा कुठली, तर जुना बाजार. ऑनलाइन भाजी मागवणं आठवडाभर ठीक आहे, पण शनिवारी सकाळी मात्र पिशवी घेऊन मल्लेश्वरमच्या एट्थ क्रॉसला किंवा बसवनगुडीच्या गांधी बझारला जा. तिथल्या फुलवालीसमोर दोन मिनिटं उभी राहा. मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, गजऱ्याचं भलंमोठं वेटोळं तिच्यापुढे ओल्या फडक्यात ठेवलेलं असतं. तू 'ओंदु मोळ' म्हटलंस की ती माळेचं टोक मधल्या बोटाच्या अग्राशी धरते, माळ कोपरापर्यंत ताणते, तिथे दोरा तोडते. तिच्या हाताची लांबी तेच माप. नेहमीची गिऱ्हाईक झालीस की दोरा तोडताना तो हात कोपराच्या पुढे चार बोटं सरकतो, काही न बोलता. बाजूला शेवंती असते, आपली अबोली असते. तिला इथे कनकांबर म्हणतात. दोन शनिवार त्याच बाईकडे गेलीस की तिसऱ्या शनिवारी तीच तुला हाक मारेल.

स्वयंपाकाचं मला माहीत आहे, तुला सांबारातला गूळ खटकतो. खटकू दे, पण 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य मात्र महिनाभर बंद कर. तुलना करत जेवलं की कुठलंच अन्न अंगी लागत नाही. आणि भाकरीची आठवण आली तर रडायचं कारण नाही. बंगळुरूत उत्तर कर्नाटकी खानावळी आहेत. तिथे ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही असं ताट मिळतं. डोळे मिटून खाल्लंस तर सोलापुरात बसल्यासारखं वाटेल. ज्वारीचं पीठ हवं असेल तर 'जोळद हिट्टु' माग, शेपू हवा असेल तर 'सब्बसिगे सोप्पु'. गोडा मसाला आणि भाजणी तेवढी आईकडून आण.

डिसेंबर-जानेवारीत बाजारात अवरेकाईचे ढीग लागतात. आपल्या पावट्याच्याच जातीची शेंग, पण थंडीत तिला असा सुगंधी चिकट रस सुटतो की बाजारात शिरायच्या आधी वास येतो. घरोघरी दाणे रात्रभर भिजत घालतात. सकाळी बायका एकेक दाणा चिमटीत धरून दाबतात, सालातून डाळिंबी टुण्णकन बाहेर उडते. शेजारच्या अक्कांकडे हे काम चाललेलं दिसलं की 'मी येऊ का मदतीला' म्हणून सरळ जाऊन बस. तासाभरात तुला अख्ख्या मजल्याची माहिती होईल आणि रात्री वाटीभर सारू, म्हणजे त्यांची आमटी, घरपोच येईल.

बघ, शेजार असाच जोडायचा असतो, आणि सणवार त्याला फार कामी येतात. आपला गुढीपाडवा तोच त्यांचा युगादी. कडुनिंब आणि गूळ दोन्ही घरी. आपण हरतालिका करतो त्या दिवशी इथे गौरी हब्ब असतो आणि बायका एकमेकींना सुपातून बागिन देतात, आपल्या वाणासारखं. संक्रांतीला तर तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं असं मिसळून मुली घरोघर वाटत फिरतात आणि गोड बोला म्हणूनच सांगतात. मग तू तुझे तिळाचे लाडू डब्यात भरून बाजूची बेल वाजवायला कसली लाजतेस? कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. शेतकरी नवं पीक आधी नंदीला वाहतात, मग रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी लागतात. सुट्टी टाकून जा. शेंगा खात गर्दीतून चालताना कोणी परकं राहत नाही.

मराठी माणसं शोधायची का, म्हणून विचारलंस. शोध की! गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे जा, गणपतीला आरती म्हण, पोटभर मराठी बोल. मन मोकळं होतं. पण शनिवार-रविवार सगळाच तिथे घालवू नकोस, नाहीतर दहा वर्षं राहूनही तू इथली पाहुणीच राहशील. आणि आपण इथे काल-परवा आलो असंही समजू नकोस. 1638 मध्ये आदिलशाही फौजेने हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. राजांचा मुक्काम इथे होता. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळात व्यंकोजीराजांच्या दानाचा 1669 चा शिलालेख आहे. रजनीकांत, म्हणजे शिवाजीराव गायकवाड, याच शहरातल्या मराठी घरात जन्मला आणि सिनेमात जायच्या आधी इथल्याच बसमध्ये कंडक्टर होता. ही सगळी माणसं इथल्या भाषेत, इथल्या कामात मिसळली, म्हणून टिकली.

तुला झाडं आवडतात, म्हणून आणखी एका परक्या माणसाचं सांगते. गुस्ताव क्रुम्बिगेल नावाचा जर्मन बागतज्ज्ञ होता. आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे कामाला होता, 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात आला आणि लालबाग त्याच्या हाती आली. रस्त्यांच्या कडेला झाडं अशी निवडायची की एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, ही कल्पना त्याने इथे रुजवली. थंडी सरता सरता तबेबुया गुलाबी होतो, मग नीलमोहर, मग एप्रिल-मेमध्ये गुलमोहर. हा माणूस मग कुठे गेलाच नाही. 1956 मध्ये इथेच वारला. लालबागेजवळ त्याच्या नावाचा रस्ता आहे. तुला शहराची ओळख महिन्यांच्या हिशेबाने करून घ्यायची असेल तर तुझ्या रस्त्यावरच्या झाडांवर नजर ठेव. कुठलं कधी फुलतं हे सांगता यायला लागलं की तू इथली झालीस.

आणि हो, वाईट दिवस येतीलच. सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी धो धो पाऊस कोसळेल, रिक्षा मिळणार नाही, रस्त्यात पाणी साचेल. पिशवीत छत्री आणि एक पातळ शाल कायम ठेव, आणि अशा दिवशी ऑफिसातून तासभर उशिरा निघ. अर्ध्यावर अडकण्यापेक्षा ते बरं. आईशी रोज बोल, पण 'सगळं छान आहे' असं खोटं सांगू नकोस. तिला आवाजावरून कळतं आणि मग ती रात्रभर जागते. 'आज करमलं नाही, उद्या बाजारात जाणार आहे' असं सांग, तिलाही धीर येतो. फारच वाटलं तर मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच; रात्री बसलीस की दुसऱ्या दिवशी आपल्या मुलखात. परत येण्याचं तिकीट मात्र जातानाच काढ.

नवा बिडाचा तवा पहिले काही दिवस डोसे धरून ठेवतो, म्हणून कोणी तो फेकून देत नाही. रोज तेल लावायचं, रोज तापवायचं. तसंच आहे हे. येत्या शनिवारी तीन कामं कर. गांधी बझारला जाऊन एक मोळ मल्लिगे घे. शेजारच्या बेलवर बोट ठेव आणि नाव सांग. घरमालकाला पाण्याचं विचार. तिन्ही झाली की मला फोन कर, आणि एकच झालं असेल तरी कर. नव्या गावात नोकरी सांभाळून एकटीने घर शोधणारी पोर आहेस तू. तुला हे जमणारच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.