फलकच नव्हता, मग दंड का?

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला दुचाकी रस्त्याकडेला लावली. 'नो पार्किंग'चा फलक नव्हता, तरी ई-चलान आले. दाद मागता येईल का?
– एक वाचक, सोयगाव

उत्तर : जरूर मागा, पण दंड भरण्याआधी. एकदा भरला की प्रकरण मिटते. निर्बंध लोकांना कळावा म्हणून फलक लावण्याची तरतूद मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११६ मध्ये आहे. तोच तुमचा मुख्य मुद्दा. रस्त्याच्या दोन्ही टोकांपासूनचे फोटो लगेच काढा आणि चलानावरील फोटोशी ताडून पाहा. मग 'महाट्रॅफिक' अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. ती फेटाळली गेली तरी न्यायालयात बाजू मांडता येते. मात्र गाडी पदपथावर, वळणावर किंवा अडथळा होईल अशी लावली असेल, तर फलक नसल्याची सबब टिकत नाही. तिथे कलम १२२ लागू होऊ शकते.