दुखण्यापूर्वींची तपासणी

दुखणें असह्य झाल्यावांचून दवाखान्याची पायरी चढावयाची नाहीं, अशी आपल्या खेड्यांतील भगिनींची रीत आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग या रीतीमुळेंच बळी घेतो, कारण आरंभीं तो मुळींच दुखत नाहीं. ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूचा संसर्ग शरीरांत टिकून राहिल्यानें तो होतो; संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षें जातात. एवढा अवधि आपल्या हातीं असतो.

म्हणून मुलगी ९ ते १४ वर्षांची असतांनाच तिला लस टोंचवावी. पुढें तपासणी मात्र टळत नाहीं. ती तिशीपासून करावी. बाळंतपणें आटोपलीं, आतां काय पाहावयाचें, असें घरचीं माणसें म्हणूं लागतात, नेमकें तेव्हांच. शिरक्यांतील आंबट द्रव्य पाण्यांत मिसळून मुखास लावितात; बिघाड असल्यास मिनिटभरांत तेथें पांढरा डाग उठतो. दुसऱ्या रीतीनें विषाणूच शोधतात. उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत १९९९ पासून गांवांचे गट पाडून १ लक्ष ३१ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. एकदांच विषाणूची तपासणी झालेल्या गटांत, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानें, या रोगाचे मृत्यु सुमारें निम्मेच झाले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. तीं गांवें आपल्यासारखींच होतीं.

पाळी कायमची थांबल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर तें लपवूं नये; डॉक्टरास लागलेंच दाखवावें.

तपासणीस सुनेला एकटी धाडूं नये. सासूनें बरोबर जावें, आणि तिचें वय ६५ च्या आंत असेल तर तिनेंही करून घ्यावी.